करंगळीने सरकणारी खिडकी

मोशीतल्या त्या इमारतीत आम्ही राहायला गेलो, तेव्हा सामान अजून टेम्पोतून पुरतं उतरलंही नव्हतं आणि दारात एक गृहस्थ येऊन उभे राहिले. पट्ट्यापट्ट्यांचा पायजमा, वर कुठल्याशा कंपनीचा विटलेला निळा शर्ट, खिशात स्क्रू-ड्रायव्हर, आणि सुतार पेन्सिल ठेवतो तसा कानावर एक झिजलेला टूथब्रश. घरमालकांनी प्लंबर पाठवला असणार, असं समजून मी म्हटलं, "नळ ठीक आहेत हो आमचे."

"नळाचं मला काय कळत न्हाई," ते म्हणाले. "मी ढमाले. तुमच्या खालीच राहतो. आत्ता हॉलची खिडकी उघडली का कुनी? रडतीय ती. खाली ऐकू आलं."

उघडली होती खरी. माझ्या नवऱ्याने दोन्ही हातांनी, एक पाय भिंतीला टेकवून, तोंडाने कंपनीतल्या सुपरवायझरचं नाव घेत उघडली होती. ढमाले काका चपला काढून, आम्ही 'या' म्हणायची वाट न बघता, खोक्यांमधून वाट काढत थेट खिडकीपाशी गेले. काचेवर तळवा ठेवला, जरा वेळ तसाच ठेवला आणि नवऱ्याकडे वळून विचारलं, "जोर लावला?"

"लावला थोडा."

"जोर लावला म्हंजे चुकलं."

हे वाक्य मी पुढे किती वेळा ऐकलं याचा हिशोब नाही. त्या दिवशी मात्र मला त्याचा रागच आला. नव्या घरात पाऊल ठेवून तास झाला नाही आणि कुणीतरी येऊन आमच्या नवऱ्याची चूक काढतंय! ती काढायला मी होते की. पण मी काही बोलायच्या आत काकांनी ती सरकती काच दोन्ही हातांत धरली, वर उचलली, खालची बाजू आपल्याकडे ओढली आणि अख्खी झडप चौकटीतून बाहेर काढून भिंतीला टेकवून ठेवली. मी किंचाळलेच. मला वाटलं, मोडली. डिपॉझिट गेलं.

"मोडली न्हाई, निघाली," काका म्हणाले. "हिला निघायला यावं म्हनून तर वर जागा ठेवलेली असती. कुनी काढतच न्हाई, मग ती बिचारी रुसती."

खालच्या पट्टीत, म्हणजे काच ज्यातून सरकते त्या ट्रॅकमध्ये, सिमेंटचे खडे होते, मेलेली गांधीलमाशी होती, केसांची पिन होती, कबुतराची पिसं होती. "बिल्डरपासून आजवरच्या सगळ्यांनी हितं हजेरी लावलीय," म्हणत काकांनी टूथब्रश कानावरून काढला आणि कामाला लागले. पाणी बाहेर जायची भोकं काडेपेटीच्या काडीने मोकळी केली. झडपेखालची चाकं फिरवून पुसली. पायजम्याच्या खिशातून मेणबत्तीचा तुकडा काढून ट्रॅकवर फिरवला. झडप पुन्हा आधी वर, मग खाली, अशी बसवली आणि मला म्हणाले, "मॅडम, करंगळी द्या."

मी करंगळी लावली आणि ती अवजड काच पाण्यावरून सरकावी तशी सरकली. मी मोठ्याने हसले. काका हसले नाहीत. परीक्षेचा निकाल आधीच ठाऊक असलेल्या मास्तरांसारखी त्यांनी फक्त मान हलवली आणि चहा न घेता निघून गेले.

त्यांचं चरित्र मला सांगता येणार नाही. ठाऊक आहे ते एवढंच, की मावळातल्या एका शेतकरी घरातले, चाकणच्या कंपनीत मेंटेनन्सला सगळी नोकरी झाली, मुलगी लग्न होऊन नाशिकला, आणि घरात ते आणि सुमनकाकी. बाकी जे काही मी सांगेन ते खिडक्यांतूनच सांगावं लागेल, कारण काका स्वतः जगाकडे खिडक्यांतूनच बघत. म्हणजे आपण खिडकीतून बाहेर बघतो, तसं नव्हे. ते खिडकीपाशीच थांबत.

एकदा पुतण्यासाठी मुलगी बघायला गेले. मुलगी काय शिकली, स्वयंपाक येतो का, असलं काही त्यांनी विचारलं नाही. घरी येऊन काकींना म्हणाले, "स्थळ सोडू नका. खिडकीचा ट्रॅक आरशासारखा हाय." काकींनी कपाळाला हात लावला, पण पुतण्यालाही मुलगी आवडली होती, म्हणून लग्न झालं. पुढे नव्या सुनेने हसत हसत सांगून टाकलं की पाहुणे येणार म्हणून तिच्या भावाने सोफ्याजवळची तेवढी एकच खिडकी आदल्या दिवशी पाइप लावून धुतली होती. सगळे काकांकडे बघायला लागले. काका शांतपणे म्हणाले, "एकच का असंना, धुतली तर व्हती."

असंच एकदा आकुर्डीला जाताना बसच्या खिडकीची काच अडकलेली त्यांना दिसली. स्क्रू-ड्रायव्हर खिशात होताच. आकुर्डी आली, गेली, काका आपले बसच्या काचेशी गुजगोष्टी करताहेत. शेवटच्या थांब्यावर काच सरकली तेव्हा गाडीत ते आणि कंडक्टर दोघंच उरले होते. ही हकीकत त्यांनी मला मोठ्या अभिमानाने सांगितली. ज्या कामासाठी निघाले होते ते राहिलंच, हे काकींनी सांगितलं.

आम्हा बायकांना त्यांनी हळूहळू वळण लावलं. मी एकदा आगाऊपणा करून ट्रॅकमध्ये खोबरेल तेल ओतलं होतं. आठवड्यात तिथे मुंग्यांची वारुळं आणि धुळीचा लगदा झाला. काकांनी तो बघितला आणि म्हणाले, "मॅडम, तेल डोक्याला, मेण खिडकीला." पण रागावून नव्हे. त्या दिवशी त्यांनी झडप मलाच काढायला लावली. आधी डासांची जाळी, मग आतली काच, मग बाहेरची. काढायची ती आतल्या बाजूलाच, बाहेर वाकायचं नाही, आणि उचलण्यापूर्वी ओढणीने झडप ग्रिलला बांधायची. पहिल्यांदा ती झडप माझ्या हातात आली तेव्हा मला जो आनंद झाला, तो पदवीच्या दिवशीही झाला नव्हता. मी ती बाथरूममध्ये नेली आणि तिला न्हाऊ घातलं.

पण त्यांचा खरा पराक्रम म्हणजे शटडाऊन. आमच्या या भागात दिवाळीला कंपन्या बंद ठेवून यंत्रं उघडतात, साफ करतात, ते सगळ्यांच्या अंगवळणी पडलेलं. त्या वर्षी काकांनी जाहीर केलं, की दिवाळीच्या आधीच्या रविवारी अख्ख्या बिल्डिंगच्या खिडक्यांचा शटडाऊन. 'साफसफाई करू या' म्हटलं असतं तर पुरुषमंडळी सकाळीच गायब झाली असती. शटडाऊन म्हटल्यावर एकजात सगळे वेळेवर हजर. एकजण तर सेफ्टी शूज घालून आला होता.

दुपारपर्यंत घराघरांतल्या झडपा गच्चीवर जाऊन कठड्याला टेकून उन्हात उभ्या राहिल्या. इमारतीत नुसतं वारं. एक कबुतर आमच्या हॉलमधून शिरून बेडरूममधून निघून गेलं. काका साबणाच्या बादल्यांमधून सेनापतीसारखे फिरत होते. सुमनकाकी वर आल्या, त्या सगळ्या झडपांकडे बघितलं आणि म्हणाल्या, "खुना केल्या का?"

"कशाला?" काका म्हणाले. "एका बिल्डरची बिल्डिंग, एका साच्याचा माल. चाकणला आमी उभी हयात पार्ट बदलले. कुठला पार्ट कुठल्या मशिनीवर गेला, कुनी इचारलं न्हाई. कुठलीबी कुठंबी बसती."

"कंपनी येगळी, घर येगळं," काकी म्हणाल्या आणि खाली निघून गेल्या.

संध्याकाळी चहाच्या वेळेला एकही खिडकी लागत नव्हती. कुठे झडप वर अडे, कुठे खाली लोंबे, कुठे बसे पण कुलूप जुळेना. त्या बिल्डरच्या मिस्त्रीने प्रत्येक चौकट जशी निघाली तशी जागेवर मापून कापली होती, हे आता आम्हाला कळत होतं. जिन्यात जो भेटेल त्याच्या कडेवर एक खिडकी. तिसऱ्या मजल्यावर काका एका झडपेला खांदा लावून रेटत होते, घामाघूम झाले होते. तेवढ्यात वरून रुबीनाभाभींचा आवाज आला. त्यांच्या नवऱ्याचं गॅरेज आहे, अवजारांच्या भाषेत त्या कुणाला हार जात नाहीत. "काका, जोर लावला म्हंजे?"

आणि सगळा जिना एका सुरात ओरडला, "चुकलं!"

काका क्षणभर गोरेमोरे झाले. मग झडप खाली ठेवून पायरीवर बसले आणि पोट धरून हसायला लागले. त्यांना तसं हसताना मी त्याच दिवशी पहिल्यांदा बघितलं.

मग घरोघरी ओळख परेड सुरू झाली. "अरे, ये तो हमारी! ईदच्या लायटिंगचा टेप आहे बघा कोपऱ्यात," म्हणत रुबीनाभाभींनी आपली झडप पहिल्या मजल्यावरून जप्त केली. माझी सापडली ती आधीच्या भाडेकरूंच्या पोराने चिकटवलेल्या बसच्या अर्धवट उरलेल्या स्टिकरवरून. एका काचेच्या कडेला टिकल्यांची रांग होती, ती कुणाची हे कळल्यावर तिच्या सासूबाईंनी सगळ्यांसमोर तिला चिडवून घेतलं. एरवी जिन्यात भेटलो तर मान हलवून पुढे जाणारे आम्ही लोक त्या दिवशी एकमेकांच्या बेडरूमपर्यंत जाऊन आलो.

शेवटी राहिली ढमाल्यांचीच. काकी पलंगावर डोळे मिटून बसल्या आणि म्हणाल्या, "एकेक लावा, सरकवा." आम्ही लावत होतो. "ही न्हाई. ही बी न्हाई." मग एक झडप सरकली आणि आवाज आला, टक, टक, टक. "हीच," काकी डोळे न उघडता म्हणाल्या.

त्या आवाजाची गोष्ट अशी. झडपेच्या एका चाकाला झिजून खाच पडली होती. त्यामुळे काकींची खिडकी उघडताना टकटक करायची. ती खिडकी रस्त्याच्या बाजूला, आणि काकी अख्ख्या इमारतीत सर्वांत आधी उठणाऱ्या. सकाळी ती टकटक झाली की आम्ही वरचे समजायचो, दिवस सुरू झाला. मग काकी खिडकीत बसून पहिल्या शिफ्टच्या बसगाड्यांची हजेरी घ्यायच्या. निळी आली, पांढरी आली, निळी आज उशिरा, ड्रायव्हर बदललेला दिसतोय. माझ्या नवऱ्याची बस निळी. ती चुकणार असं दिसलं की काकी खालून हाक मारून सांगायच्या.

शटडाऊनमध्ये काकींच्या कानाने बाजी मारली, ते काकांना लागलं असावं. सगळ्या इमारतीच्या खिडक्या मुक्या आणि खुद्द आपल्या घरातली टकटकते! दिवाळी संपताच त्यांनी ते चाक बदलून नवं घातलं. दुसऱ्या दिवशी खिडकी गुपचूप उघडली आणि काकी बिथरल्या.

"उघडली का न्हाई तेच कळंना मला."

"अगं, ह्याला प्रगती म्हंत्यात."

"मग प्रगतीलाच सांगा चहा टाकायला."

पुढचे काही दिवस काकांच्या चहात आलं नव्हतं. ते मला जिन्यात भेटून हळू आवाजात विचारायचे, "मॅडम, तुमच्याकडं चहा झाला का?" पण चाक काही बदललं नाही त्यांनी. तत्त्वाचा प्रश्न होता.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात सुमनकाकींना झटका आला. भाजी निवडता निवडता उजवी बाजू गेली. इस्पितळातून घरी आल्या तेव्हा पाय बऱ्यापैकी धरत होता, जीभ तर पूर्वीसारखीच धारदार होती, पण उजवा हात उशीवर पडलेला असायचा. बोटं थोडी हलायची. डॉक्टर म्हणाले, चालवला तर हा हात चालेल, नाही चालवला तर असाच राहील. व्यायामाला एक पिवळा रबरी चेंडू दिला होता. "मी काय ल्हान पोर हाय का?" म्हणत काकींनी तो पलंगाखाली ढकलून दिला.

सकाळी आता काका खिडकी उघडायचे. आवाज नाहीच. भिंतीकडे तोंड करून पडलेल्या काकी विचारायच्या, "उघडली का?"

"उघडली."

"बरं."

बसगाड्यांचं नाव नाही. मी डबा घेऊन जायची तेव्हा हे बघायची आणि मला फार वाईट वाटायचं. एका संध्याकाळी काका आमच्याकडे आले, खुर्चीत बसले. हॉलच्या खिडकीची जाळी अर्धी निघून लोंबत होती, समोरच. त्यांनी तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. तेव्हा मी घाबरले.

"डॉक्टर म्हंत्यात हात चालंल," ते म्हणाले. "पन ती चालवायला मागंना. मी लई बोललो. हात धरून वडला बी. तर रडली." मग माझ्याकडे वळले. "मॅडम, हितं तरी जोर लावावा का हो मानसानं?"

 या प्रश्नाचं उत्तर तेच द्यायचे ना रोज, तिन्ही त्रिकाळ, मागितलं नाही तरी!  त्यांचंच वाक्य त्यांना ऐकू आलं असावं. "व्हय, चुकलंच," म्हणाले आणि उठून गेले. जाता जाता जाळी बसवून गेले.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी बेडरूमची खिडकी काढायचा आणि बसवायचा सपाटा लावला. जड काच काढून तिच्या जागी हलकी पारदर्शक शीट घातली. कडेच्या, धूळ अडवणाऱ्या ब्रशच्या पट्ट्या नव्या घातल्या. मेणबत्त्या किती संपल्या देव जाणे. मग एके दुपारी खालून काकींचा असा आवाज आला की मी जिना उतरून धावले. काकांनी काकींचं जुनं लाटणं करवतीने कापून, पलंगावर बसून हात पोचेल अशा उंचीवर, झडपेला मूठ म्हणून ठोकलं होतं.

"माझ्या आईनं दिल्यालं लाटनं!" काकी थरथरत होत्या. "खिडकीला ठोकलं! ह्या मानसाला आवरा कुनीतरी!"

काका अपराध्यासारखे कोपऱ्यात उभे होते, पण डोळ्यांत चमक होती. जिन्यापर्यंत मला सोडायला आले आणि कुजबुजले, "किती दिसांनी भांडली बगा." मग इकडेतिकडे बघत, जरा लाजत, आणखी हळू म्हणाले, "आनि बिस्किटाच्या डब्यातनं ते जुनं चाक हुडकून काढलंय. एका बाजूला घातलंय तेच. तिला सांगू नका."

मी सांगितलं नाही. पण खिडकी उघडायला काकींनी हात काही लावला नाही. काकाही ती उघडेनात. दिवसभर खिडकी बंद. उन्हाळ्याचे दिवस, घरात काहिली. काकी म्हणायच्या, "उघडा की." काका म्हणायचे, "कमरंत लचक भरलीय." ज्या माणसाने बसची काच सोडली नाही, त्याची कंबर आता नेमकी याच खिडकीपाशी लचकत होती. मुलगी नाशिकहून फोनवर चिडली. रुबीनाभाभी वर येऊन मला म्हणाल्या, "काका का दिमाग तो ठीक है ना?" त्या एकदा खिडकी उघडायला पुढे झाल्या तर काकांनी त्यांना चहा पाजून परत पाठवलं. खरं सांगायचं तर मलाही त्यांचा राग यायला लागला होता.

आणि त्याच दिवसांत आमचा मुक्काम हलला. माझी कॉलेजातली नोकरी आकुर्डीला, तिथेच स्टेशनजवळ घर मिळालं. निघायच्या दिवशी सकाळी लवकर टेम्पो आला. सामान चढलं. निरोप घ्यायला मी खाली ढमाल्यांकडे गेले. दार उघडंच होतं. बेडरूमच्या दारापर्यंत गेले आणि काकांनी मागे न वळता, नुसती मान हलवून मला थांबवलं.

काकी पलंगावर उठून बसल्या होत्या. केस कपाळाला चिकटलेले. खिडकी बंद. उजवा हात त्यांनी डाव्या हाताने उचलून लाटण्याच्या मुठीवर ठेवला होता. डावा हात बाजूला घेतला. बोटं मुठीवरून घसरली. काकांचा खांदा पुढे गेला आणि तिथेच थांबला. काकींनी हात पुन्हा उचलून ठेवला. या वेळी चार बोटं सुटली, पण करंगळी मुठीच्या मागे अडकून राहिली.

टक.

काकींनी मान वर केली. त्यांनी काकांकडे असं काही बघितलं, की मला तिथून निघून जावंसं वाटलं. खाली टेम्पोवाल्याने हॉर्न वाजवला. 

टक. मग जरा वेळ काहीच नाही. मग टक, टक, टक.

वीतभर फट पडली. सकाळचं वारं आत आलं आणि काकींच्या कपाळावरचे केस हलले. त्यांनी फटीतून बाहेर बघितलं आणि चांगल्या खणखणीत आवाजात म्हणाल्या, "निळी गेली जनू. आज लौकर आली व्हती मेली."

मी दारातूनच रडत हसत होते. काका तसेच उभे होते, पाठमोरे. टूथब्रश कानावर होता, स्क्रू-ड्रायव्हर खिशात होता. आणि दोन्ही हात त्यांनी पाठीमागे एकमेकांत असे घट्ट धरून ठेवले होते, की बोटांची पेरं पांढरी पडली होती.